सूपभर कोंडा

आमच्या कचेरीत कोणालाही मूल झालं की पेढे आधी रावसाहेबांच्या टेबलावर जातात आणि तिथून थेट माझ्याकडे येतात. मधली टेबलं नंतर. पेढा देणारा नवा बाप इकडेतिकडे पाहतो, टोपी सारखी करतो आणि हळूच विचारतो, "दत्तोपंत, सांभाळायचं कसं हो?" मी डोळे मिटून पेढा तोंडात टाकतो आणि तो विरघळेपर्यंत खोल विचारात पडल्यासारखा बसतो. खरं सांगायचं तर विद्या वगैरे काही माझ्यापाशी नाही. मी कान्हाचा बाप आहे, एवढ्यावरच अलिबागेत माझा हा मान आहे.

कान्हाचं तेव्हा तिसरं सरून चौथं लागलं होतं. उंची माझ्या गुडघ्याच्या जरा वर. मी जन्मापासून अलिबागेत राहतो. समुद्राच्या लाटा दिवसरात्र येतात आणि दमत नाहीत, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. समुद्रच तो, त्याचं कामच ते. पण एवढ्याशा देहात, तेही मऊ भात आणि बोंबलाच्या कालवणावर वाढलेल्या, इतका दम कुठून येतो हे कोडं मला पडलं आणि ते अजून सुटलेलं नाही. मी पहाटे डोळे उघडावे तर हा माळ्यावर. मी "अरे पडशील!" म्हणेपर्यंत हा खाली, तांदळाच्या कणगीत. सगुणाने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या मोठ्या हौसेने आढ्याला टांगल्या होत्या. त्यांतला एकेक कांदा सोडवून त्याने विहिरीत टाकला. का, तर बुडतो का पाहायला. बुडत नाही. ही माहिती साऱ्या आळीत फक्त आमच्याकडे होती.

तेव्हा नव्या बापांनो, पहिलं सांगणं हे की पळणाऱ्या मुलामागे पळू नये. त्याला वाटतं खेळ आहे, आणि बघणाऱ्यांनाही तसंच वाटतं. मी कोट, टोपी आणि छत्रीसकट बाजारातून त्याच्यामागे धावलो आहे आणि दुकानदारांनी मला "डावीकडे, डावीकडे" असं ओरडून मदत केली आहे. आणि बांधून तर मुळीच ठेवू नये. एकदा मी त्याच्या कमरेला मऊ सुती दोरी बांधून दुसरं टोक ओटीच्या खांबाला बांधलं. संध्याकाळी परत येतो तर दोरी जागच्या जागी होती, गाठही पक्की होती, फक्त दोरीच्या टोकाला शेजारच्या दिनानाथ मास्तरांची गाय होती. परसातलं अळू तिने संपवलं होतं.

हे दिनानाथ मास्तर म्हणजे पेन्शनर हेडमास्तर. त्यांना स्वतःला मूलबाळ नसल्यामुळे त्यांचं बालसंगोपनाचं ज्ञान अगदी निर्भेळ राहिलं होतं. गाय सोडवून नेताना ते म्हणाले, "दत्तोपंत, मुलाला बांधू नका, जबाबदारी द्या. काम दिलं की मूल शहाण्यासारखं वागतं."

म्हणून मी कान्हाला दाराचं काम दिलं. हातात चावी दिली आणि बजावलं, "कोणालाही आत सोडायचं नाही." त्याने जे काम केलं ते सरकारी शिपायाने करून दाखवावं. सगुणा पाण्याला गेली होती ती बाहेर राहिली. मी कचेरीतून आलो तो बाहेर राहिलो. "अरे, मी अण्णा!" असं मी खिडकीतून सांगितलं, तर आतून उत्तर आलं, "कोणालाही नाही." शेवटी मास्तर आले आणि त्यांनी समजुतीने चावी मागितली. त्याने ती मागच्या विहिरीत टाकली. ती मात्र बुडाली.

मास्तर खचले नाहीत. पुढच्याच आठवड्यात कान्हा रेवसच्या टांग्यात टांगेवाल्याशेजारी बसून लगामाचं टोक धरून निघालेला सापडला, तेव्हा त्यांनी दुसरा उपाय सुचवला: पाठांतर. रोज संध्याकाळी त्याला समोर उभं करून, हात मागे बांधायला लावून, त्यांनी एक वाक्य घोकून घेतलं. "आपल्या माणसाशिवाय कोणाबरोबरही जायचं नाही." कान्हाने ते अगदी स्वच्छ पाठ केलं. परीक्षा म्हणून मास्तरांनी लाडू दाखवून "चल बाळ माझ्याबरोबर" म्हटलं. कान्हाने लाडू घेतला आणि गेला नाही. मला त्या दिवशी मास्तरांविषयी खरोखर आदर वाटला. या वाक्याने पुढे माझं काय होणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी लाडूच परत मागितला असता.

आता खरी गोष्ट. आमच्या समोरच्या घरात कृष्णाबाई राहत. वय पुष्कळ, ऐकू कमी. एकदा मी असाच घामाघूम होऊन त्यांच्या ओटीवर टेकलो. त्यांनी विचारलं, "काय रे दत्तू, एवढा का सुकलास?"

मी म्हणालो, "काय सांगू कृष्णाबाई, पोर टिकत नाही हो एका जागी."

त्यांच्या कानापर्यंत वाक्याचा पुढचा भाग पोचला, मागचा बाहेरच राहिला. "पोर टिकत नाही?" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मला आधी नाही का सांगायचं? अरे, ज्यांच्या घरी पोर टिकत नाही त्यांनी ते विकावं. माझा थोरला विकलेला होता, त्याला आता नातवंडं झाली."

हा रिवाज आमच्याकडे जुना आहे. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरात नवं मूल झालं की ते खोटंखोटं दुसऱ्या बाईला विकायचं. सूपभर कोंडा ही किंमत. म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला वाटतं, हे मूल यांचं नव्हेच, शिवाय मोलाचंही नव्हे, आणि तो नाद सोडून देतो. आमचं कान्हा हे पहिलंच मूल आणि जगण्याच्या बाबतीत त्याच्याइतका उत्साही प्राणी मी पाहिला नव्हता. हे सगळं मी कृष्णाबाईंना ओरडून सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, उपाय आहे तर करून पाहायला काय हरकत आहे? जगण्यासाठी टिकतो तर बसण्यासाठीही टिकेल. मास्तरांचे दोन उपाय करून झालेला माणूस काहीही करायला तयार होतो.

सगुणा मात्र ऐकेना. "पोटचं पोर विकायचं? अहो, खोटंखोटंसुद्धा नको," ती म्हणाली.

"अगं, रिवाज आहे."

"रिवाज रडणाऱ्यांचा आहे. आपल्याला देवाने हसायला दिलंय ते तुम्हांला जड झालंय का?" असं म्हणून ती चुलीपाशी गेली. पण समोरून कृष्णाबाई पंचांग घेऊन आल्या, नीराबाई कोळीण म्हावऱ्याची पाटी घेऊन नेहमीच्या वेळी दारात आली, आणि कृष्णाबाईंनी तिलाच धरलं. नीराबाईच्या घरात लेकरू नव्हतं. तिने पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि "मना चालंल" म्हणाली.

व्यवहार ओटीवर झाला. कान्हाला सुपात बसवलं. आश्चर्य म्हणजे तो बसला. नीराबाईने त्याला पुढून मागून पाहिला, कानामागे पाहिलं, दंड दाबून पाहिला. ती रोज विकायला येई, घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती, म्हणून सगळी हौस भागवून घेत होती. "हाडकुला हाय," ती म्हणाली. "अर्धा सूप कोंडा दीन."

रडायच्या बेतात असलेली सगुणा ताडकन उठली. "अर्धं सूप? काल पापलेट काय भावाने लावलंस ते आठवतंय का? काठोकाठ भर!" आणि डोळे पुसत पुसत तिने कोंडा दाबून भरून घेतला. मग कृष्णाबाईंनी अटी सांगितल्या. आता हा नीराबाईचा. आईने याला 'माझा' म्हणायचं नाही. घेणारीच्या उंबऱ्यावर आईने पाऊल टाकायचं नाही. पाचव्या वर्षी, दसऱ्याला, तोच कोंडा परत देऊन मूल सोडवून आणायचं. तोवर मूल राहायचं आपल्याच घरी, नुसतं नावाला तिचं.

शेवटची अट कान्हाने ऐकली नसावी. तो सुपात बसून डोळे मोठे करून एकेकाकडे पाहत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे आता मी नीराबाईचा?"

कृष्णाबाईंना नेमकं हेच ऐकू आलं. "हो रे बाबा, तिचाच. पक्का तिचा."

नव्या बापांनो, मुलासमोर जे बोलाल ते तोलून बोला. आपण बोलतो आणि विसरतो. मुलं ऐकतात आणि कामाला लागतात.

दुसऱ्या दिवशी नीराबाई म्हावरं देऊन निघाली आणि कान्हा तिच्या मागोमाग निघाला. न पळता. संध्याकाळी ती त्याला कडेवर घेऊन आली, तो झोपलेला होता आणि त्याच्या केसांना सुकटीचा वास येत होता. हेच रोज होऊ लागलं. घर शांत झालं. तांदूळ कणगीत राहिले, कांदे आढ्याला राहिले. मी पहिल्यांदाच ओटीवर बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि कृष्णाबाईंना लांबून नमस्कार केला. सगुणाला ते शांत घर खायला उठत होतं. ती मधूनच उठून माळ्याकडे पाही. मला ते दिसत होतं, पण वर्तमानपत्र चांगलं मोठं होतं.

मग एकदा कचेरीच्या पायऱ्यांपाशी आवाज आला, "म्हावरा घ्या, म्हावरा!" रावसाहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन बोंबील, असा कान्हा उभा होता. मागे नीराबाई हसत होती.

"दत्तोपंत, हा आपलाच चिरंजीव ना?" रावसाहेबांनी विचारलं.

मी उत्तर देण्याआधी चिरंजीवांनी दिलं. "न्हाय. मी नीरा कोलनीचा. ताजं हायत, घ्या."

आमची कचेरी म्हणजे जमीनजुमल्याची खरेदीखतं नोंदवण्याची. अर्ध्या तालुक्याच्या जमिनी माझ्या हाताखालून इकडच्या तिकडे गेल्या, पण माझ्या स्वतःच्या बाबतीत असा हस्तांतराचा प्रसंग कधी आला नव्हता. रावसाहेबांनी बोंबील घेतले. सगळी कचेरी माझ्याकडे पाहत होती. मी खाली मान घालून टाक दौतीत बुडवला. दौत कोरडी होती.

घरी येऊन मी ठरवलं, बस झालं, सोडवून आणायचा. सरळ कोळीवाड्यात गेलो. नीराबाई तोंडाला पदर लावून विचारात पडली. "भाऊ, पोर कसला, वारा हाय. जालं सोरवतो, पाटीत बसतो, कोंबऱ्यांना म्हावरा चारतो. माजी कंबर मोरली." मला आनंद झाला. तेवढ्यात तिचा नवरा बुधाजी आला. बुधाजी नाखवा, म्हणजे होडीचा धनी, बोलायला कमी आणि मान हलवायला जास्त. त्याने मान हलवली. "न्हाय. ह्यो आल्यापासून जालं भरून येतंय. हंगाम सरंपतूर न्हाय द्यायचा."

कृष्णाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, पाचव्या वर्षाआधी सोडवायचा तर निदान तोच कोंडा तरी परत द्यायला हवा, नुसता कोंडा चालत नाही. कोंड्याची चौकशी केली तेव्हा कळलं की तो सगुणाने मास्तरांच्या गाईला घातला होता. मी मास्तरांकडे गेलो. का गेलो, ते मला आजही सांगता येणार नाही. मास्तर म्हणाले, "दत्तोपंत, झाल्या गोष्टीला गाय काय करणार?"

एवढ्यात एक दिवस बुधाजीची होडी किनारा सोडून बरीच पुढे गेली आणि जाळ्याच्या ढिगातून कान्हाने डोकं वर काढलं. बुधाजीने होडी फिरवली, पोराला आणून नीराबाईच्या हवाली केलं. मला हे रात्री कळलं तेव्हा घास तोंडातच राहिला. सगुणाने झोपलेल्या कान्हाचे पाय पदरात घेतले आणि बसून राहिली.

आणि मग तो दिवस. दुपार उतरत आली होती. नीराबाई धापा टाकत कचेरीत शिरली, थेट माझ्या टेबलापाशी. "भाऊ, बेगीन चला! तुमचा, म्हंजे माजा, पोर होरीत बसलाय. उतरत न्हाय. भरती लागली. नाखवा खोल दर्यावर चाललाय, चार रोजांनी येनार."

"अगं, उचलून खाली ठेवा!"

"ठेवला. फिरून चढला. आता डोलकाठीला धरून हाय. बलं करून आनला तर मागल्यावानी जाल्यात दरी मारंल, आनी या वक्ताला कोनाला दिसला न्हाय तर?"

मी कोट घातला की नाही ते आठवत नाही, टोपी होती. वाटेत घर लागलं. सगुणा दारात उभी होती. तिला बातमी आधीच लागली होती. ती उंबऱ्याबाहेर आली आणि थांबली. घेणारीच्या दारी पाऊल टाकायचं नाही, ही अट तिने मनातून कधी मानली नव्हती, पण आता मोडायला तिचं धाडस होईना. अट मोडली आणि पोराला काही झालं तर, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "तो आल्याशिवाय मी चूल पेटवायची नाही," एवढंच ती म्हणाली.

किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा जमला होता. पाणी होडीच्या बुडाला लागून होडी हलायला लागली होती. लांब कुलाब्याच्या किल्ल्याकडे जायची वाट भरतीने बुडून गेली होती. आणि होडीच्या पुढच्या टोकाशी, एका हाताने दोर धरून, कान्हा उभा होता. त्याचं समुद्राकडे लक्ष होतं. लाट आली की तो गुडघे वाकवत होता आणि लाट गेली की सरळ होत होता. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भीती म्हणून त्याच्या अंगात कुठे नव्हती. मला ती एवढी वाटत होती की दोघांना पुरली असती, तरीही मी एक क्षण सगळं विसरून नुसता पाहत राहिलो. हा आपल्याला झाला, ह्याच्यात आपलं काहीतरी आहे, या विचाराने माझा ऊर भरून आला.

मग मी धोतर वर करून पाण्यात शिरलो. "कान्हा, चल घरी."

"न्हाय."

"आई वाट बघतेय रे."

"आय ही हाय," त्याने नीराबाईकडे बोट दाखवलं.

"अरे, मी तुझा अण्णा!"

त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग त्याने दोर सोडला, दोन्ही हात मागे बांधले आणि शुद्ध, स्वच्छ वाणीत म्हटलं, "आपल्या माणसाशिवाय कोणाबरोबरही जायचं नाही."

मागे कोणीतरी खाकरलं. दिनानाथ मास्तर आणि रावसाहेब संध्याकाळची हवा खायला आले होते. मास्तर खाकरून वाळूकडे पाहू लागले.

नीराबाई कमरेएवढ्या पाण्यात आली. "अरं सोन्या, मी तुजी आय सांगतंय. जा त्यांच्या संगती."

"ते कोनाचे?" कान्हाने विचारलं.

"कोनाचे म्हंजे?"

"मी तुजा. नाखवा तुजा. होरी तुजी. अण्णा कोनाचा?"

सगळा कोळीवाडा माझ्याकडे पाहू लागला. मी उत्तर शोधू लागलो. 'सरकारचा' असं तोंडावर आलं होतं. खरंच मी कोणाचा? आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. असा प्रश्न मला मोठेपणी कोणी विचारला नव्हता.

कान्हा हळू आवाजात म्हणाला, "अण्णाला कोनी घेतला न्हाय." "आय, त्यांना पन घे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आम्हांला सोडून गेला नव्हता. आम्ही त्याला ओटीवर बसवून, चार माणसांदेखत जो व्यवहार केला, तो त्याने खरा धरला होता आणि त्या दिवसापासून इमानाने पाळत होता. माझ्या टेबलावरून इतकी खरेदीखतं गेली, पण बोलल्याला असा जागलेला पक्षकार मी पाहिलेला नाही. मला माझ्या नोकरीची लाज वाटली आणि पोराचा इतका अभिमान वाटला की तो मावेना.

"नीराबाई, सूप आण," मी म्हणालो.

"भाऊ!"

"सूप आण. होडी सुटेल."

सूप आलं. ओल्या वाळूवर ठेवलं. मी टोपी सारखी केली आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर सुपात बसलो. बसलो म्हणजे माझा जेवढा भाग मावला तेवढा बसला. सूप कडकन वाजलं. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या.

"दत्तोपंत, हा काय प्रकार?" रावसाहेब पुढे आले.

"व्यवहार चालू आहे, साहेब."

रावसाहेब मुरलेले नोंदणी अधिकारी. व्यवहार म्हटल्यावर ते हसायचं विसरले. "घेणार कोण?"

"मी," नीराबाई म्हणाली.

"आणि विकणार कोण? माणसाला स्वतःला विकता येत नाही. हक्कदार कोण?"

या मुद्द्यावर सगळं अडलं. होडी एव्हाना चांगली तरंगत होती आणि बुधाजी वल्ह्यावर हात ठेवून वाट पाहत होता. तेवढ्यात पाण्यात धप्प आवाज झाला. कान्हा स्वतः उडी मारून उतरला होता. छातीएवढ्या पाण्यातून लाटेबरोबर ढकलला जात तो वाळूवर आला, माझ्या सुपाशेजारी उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी. माजा हाय तो."

रावसाहेबांनी मान डोलावली. "हक्क दिसतोय. साक्षीदार?" मास्तरांनी मुकाट्याने हात वर केला.

कोळीवाड्यात त्या वेळी कोंडा नव्हता. मासे खारवायचं मीठ मात्र ढिगाने होतं. नीराबाईने मला पुढून मागून पाहिला, दंड दाबला, नाक मुरडलं आणि मूठभर मीठ कान्हाच्या ओंजळीत घातलं. "घेतला," ती म्हणाली. "आता दोगं माजी पोरं. आय सांगतंय, घरी जावा आनी जेवून घ्या दोगं जन."

"चल," कान्हा मला म्हणाला. "तू आता आपला मानूस."

बुधाजीची होडी निघाली. आम्ही दोघे भाऊ घरी निघालो. माझं धोतर चिंब होतं, पाठीला सुपाची काडी टोचत होती, आणि बाजारातले दुकानदार आज काही ओरडले नाहीत. कान्हाने एक हात माझ्या हातात दिला होता. दुसऱ्या मुठीत मीठ घट्ट धरलं होतं. तो वाटेत कुठे पळाला नाही, कशावर चढला नाही. त्याच्या हाती मोलाची वस्तू होती.

सगुणा उंबऱ्यावर बसली होती. त्याने तिच्यासमोर मूठ उघडली. घामाने आणि समुद्राच्या पाण्याने अर्धं मीठ विरघळलं होतं. "अण्णाला विकला," तो म्हणाला. "हे आलं. तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या धोतराकडे पाहिलं, मग त्या मुठीकडे पाहिलं. "बरा भाव आला," ती म्हणाली आणि त्याचा तो खारट हात तिने तोंडावर दाबून धरला. बराच वेळ धरला. मग उठून चूल पेटवली, पेज ठेवली आणि ते मीठ त्या पेजेत घातलं. कान्हाने पहिली वाटी एका दमात संपवली आणि दुसऱ्या वाटीसाठी हात पुढे करताना भुकेच्या नादात तो सगळा व्यवहार विसरला. "आई, अजून," तो म्हणाला. सगुणाने वाढलं, आणि वाढताना पेज वाटीबाहेर सांडली.

पुढे पाचव्या वर्षी दसऱ्याला आम्ही त्याला रीतसर सोडवून आणला. "तोच कोंडा ना रे?" असं कृष्णाबाईंनी विचारलं, मी "गाय मास्तरांची" असं उत्तर दिलं, आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. त्या दिवशी सगुणाने नीराबाईला लुगडं दिलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग लगेच पापलेटाच्या भावावरून भांडल्या.

मला मात्र कोणी सोडवून आणलं नाही. तशी वेळ आली तेव्हा सगुणाने हिशेब केला आणि ती हसायला लागली. माझी किंमत आम्ही तिघांनी त्याच रात्री पेजेत खाल्ली होती. त्यामुळे कागदावर काहीही असो, मी अजून नीराबाईचाच आहे. कचेरीवरून जाताना ती पायऱ्यांपाशी थांबते आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय रं पोरा, जेवलास का?" पेढा देणारा नवा बाप दचकून माझ्याकडे पाहतो. मी टाक खाली ठेवतो, उभा राहतो आणि सांगतो, "हो आय, जेवलो."